अणुव्रताची कसोटी : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवन

पर्युषणाच्या दिवसांत आपण व्रतांचा उच्चार करतो. अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही पाच नावे आपल्या घरातील लहान मुलांनाही पाठ असतात. मुनींसाठी ती महाव्रते आहेत. संसारी श्रावकासाठी त्यांचेच सौम्य रूप म्हणजे अणुव्रते. परंतु व्रत पाठ असणे वेगळे आणि प्रसंगी त्याची किंमत मोजणे वेगळे. दुकानात, कचेरीत, न्यायालयात, पंक्तीत व आप्तांच्या बैठकीत व्रताची खरी परीक्षा होते. ही परीक्षा वारंवार देणारा, आपल्याच मातीतील आणि आपल्याच समाजातील एक पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांच्या जीवनाचे स्मरण करताना केवळ गौरवगान न करता, त्यांच्यापुढे कोणते नैतिक प्रश्न उभे राहिले आणि त्यांनी त्यांची उत्तरे कशी शोधली, हे पाहणे उचित ठरेल.

जन्म आणि संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. वडील पायगोंडा पाटील आणि आई गंगाबाई. घराणे दिगंबर जैन, शेतकरी परंपरेचे. मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने बालपण निरनिराळ्या गावी गेले. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतीत राबणारा आहे. त्यामुळे देवदर्शन, रात्रिभोजनत्याग, पाणी गाळून पिणे या आचारांबरोबर कष्टाचा संस्कारही भाऊरावांना घरातूनच मिळाला.

मुलगा अंगाने धिप्पाड, कुस्तीचा शौकीन आणि स्वभावाने हट्टी होता. अस्पृश्य मानलेल्या माणसांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून संतापलेल्या या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. त्या कृतीत अन्यायाची चीड होती, तसा अविचारही होता. हा संताप त्यांना पुढे आयुष्यभर पुरला; त्याला विधायक वळण लावणे हीच त्यांची साधना ठरली.

स्नानाचा प्रश्न

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. लठ्ठे हे विद्वान, सुधारक आणि दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीतील अग्रणी पुरुष. जैन मुलांनी शिकावे या तळमळीने चाललेले ते वसतिगृह समाजाचे भूषण होते.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. छत्रपती शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने निघालेल्या या वसतिगृहाला मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे नाव दिले होते. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करूनच पंक्तीस यावे, असा आग्रह झाला. भाऊरावांनी तो मानला नाही. माणसाच्या सहवासाने माणूस अशुद्ध होतो, हेच त्यांना मान्य नव्हते. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी या मुलाला राजवाड्यात आश्रय दिला.

आपण जैन म्हणून या प्रसंगाकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. नियम आपल्या वसतिगृहाचा होता आणि तो मोडणारा मुलगाही आपलाच होता. शास्त्र कोणाच्या बाजूने होते? आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात सम्यग्दर्शनाला बाधक अशा आठ मदांमध्ये कुलमद आणि जातिमद यांचा स्पष्ट समावेश आहे. चांडाळ कुळात जन्मलेला मनुष्यही सम्यग्दर्शनाने युक्त असेल तर तो आदरास पात्र ठरतो, असेही आचार्यांनी तेथेच प्रतिपादले आहे. निर्विचिकित्सा, म्हणजे देहाच्या स्थितीवरून मनुष्याची घृणा न करणे, हे तर सम्यग्दर्शनाचे अंगच आहे. याचा अर्थ असा की, शास्त्र त्या स्नान नाकारणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने होते. आसपासची रूढी मात्र आपल्या पंक्तीत येऊन बसली होती. रूढीलाच धर्म समजण्याची चूक सज्जनांच्या आणि सुधारकांच्या हातूनही होते, हा या प्रसंगाचा पहिला बोध.

सत्याणुव्रताची अग्निपरीक्षा

भाऊरावांचे शालेय शिक्षण सहावी इयत्तेच्या पलीकडे गेले नाही. साताऱ्यात त्यांनी खाजगी शिकवण्या सुरू केल्या आणि पाटील मास्तर म्हणून ते ओळखले जाऊ लागले. १९१० मध्ये दुधगाव येथे सहकाऱ्यांच्या साह्याने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारण्याच्या कार्यात त्यांनी भाग घेतला. आणि मग १९१४ साली त्यांच्या जीवनातील सर्वांत कठोर प्रसंग आला.

कोल्हापुरात एका पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न सुरू झाला आणि लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांवर दडपण आणले. परिस्थिती किती विलक्षण होती पाहा. ज्यांच्या विरुद्ध खोटे बोलायचे, ते लठ्ठे म्हणजे ज्या बोर्डिंगमधून भाऊरावांना बाहेर पडावे लागले त्याचे अधीक्षक. ज्यांच्या दरबारचे पोलीस ही साक्ष मागत होते, ते शाहू महाराज म्हणजे भाऊरावांचे आश्रयदाते. जुना राग काढण्याची संधी, आश्रयदात्याच्या दरबाराची मर्जी आणि स्वतःची सुटका, या तिन्ही गोष्टी एका खोट्या वाक्याने मिळणार होत्या. भाऊरावांनी ते वाक्य उच्चारले नाही. त्यांना कोठडीत टाकले गेले, छळ झाला. पण साक्ष मिळाली नाही.

नीतिशास्त्राच्या अभ्यासकांना हा प्रसंग एखाद्या पाठासारखा वाटेल. पाश्चात्य विचारांत नीतीचे तीन प्रमुख पक्ष सांगतात. बेंथॅम आणि मिल यांचा परिणामवाद म्हणतो की, ज्या कृतीने अधिकांचे अधिक सुख साधते ती योग्य. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याचा कर्तव्यवाद म्हणतो की, परिणाम काहीही होवो, असत्य बोलणे कधीच योग्य नाही. मित्राचा जीव घ्यायला आलेल्या मारेकऱ्यालाही खोटे सांगू नये, इथपर्यंत कांट जातो. तिसरा पक्ष ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील सद्गुणवादाचा. सुटी कृती न पाहता माणसाचे शील कसे घडते आहे, हे तो पाहतो.

या तिन्हींच्या तुलनेत आपला श्रावकाचार काय सांगतो? समंतभद्रांनी सत्याणुव्रताची व्याख्या मोठ्या सूक्ष्मतेने केली आहे. श्रावकाने स्थूल असत्य स्वतः बोलू नये, दुसऱ्याकडून बोलवू नये, आणि दुसऱ्यावर संकट आणणारे सत्यही बोलू नये. म्हणजे जैन दृष्टीत सत्य हे अहिंसेच्या छायेत राहते. कांटच्या मारेकऱ्यापुढे जैन श्रावक मौन धारण करील. पण खोट्या साक्षीच्या बाबतीत ही अडचणही उरत नाही. तेथे असत्यही आहे आणि निरपराध्याची हिंसाही आहे. खोटे लिहिणे, म्हणजे कूटलेखक्रिया, तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचा अतिचार मानली आहे. मग खोटी साक्ष देऊन माणसाला तुरुंगात धाडणे हे तर व्रताचा मूळ छेद करणारे पाप होय.

येथे एक गोष्ट ध्यानी येते. परिणामवाद म्हणा, कर्तव्यवाद म्हणा वा अणुव्रत म्हणा, या प्रसंगी सगळ्यांचे उत्तर एकच होते. भाऊरावांना काय योग्य हे शोधायचे नव्हते. ते त्यांना ठाऊक होते. प्रश्न होता तो किंमत देण्याचा. आपल्याही आयुष्यातील बहुतेक नैतिक पेच असेच असतात. सिद्धांत एकमेकांशी भांडतात म्हणून आपण क्वचितच अडतो. उत्तर महाग पडते म्हणून आपण सिद्धांतांत पळवाट शोधतो.

त्या छळाच्या काळात भाऊरावांनी निराशेपोटी जीव देण्याचाही प्रयत्न केला होता. चरित्रकार ही घटना लपवीत नाहीत आणि आपणही लपवू नये. मात्र तिचे उदात्तीकरणही करू नये. शांत चित्ताने, कषाय क्षीण करीत स्वीकारलेली सल्लेखना आणि असह्य छळातून उद्भवलेला आत्मघात यांत जैन शास्त्राने स्पष्ट भेद केला आहे. दुसऱ्यात स्वतःचीच हिंसा आहे. सुदैवाने ते वाचले. ते वाचले म्हणून पुढे हजारो मुलांचे जीवन उभे राहिले. अंधाराच्या टोकाशी आलेल्या प्रत्येक माणसाने आणि त्याच्या भोवतीच्या आपण सर्वांनी हे स्मरणात ठेवावे.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या संस्थानाच्या कोठडीत छळ सोसला, त्या संस्थानच्या अधिपतीविषयी भाऊरावांनी मनात अढी ठेवली नाही. साताऱ्यातील आपल्या वसतिगृहाला त्यांनी छत्रपती शाहू महाराजांचेच नाव दिले. एका घटनेवरून संपूर्ण माणसाचा निवाडा न करणे आणि दोषाबरोबर त्याचे गुणही पाहणे, याहून अनेकांताचे व्यवहारातील रूप वेगळे काय असते? क्षमावाणीच्या दिवशी आपण जे शब्द उच्चारतो, ते त्यांनी एका इमारतीवर कोरून ठेवले असेच म्हणावे लागेल.

रयतेची शाळा

यानंतर काही वर्षे भाऊराव ओगले काच कारखान्याचे आणि नंतर किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते होते. साताऱ्यातील कूपर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. पुढे मतभेद झाल्यावर ते तेथून बाहेर पडले. या भटकंतीत त्यांनी खेडे जवळून पाहिले. शेतकरी नांगर विकत घेई, पण पावतीवर अंगठा उठवी. त्याच्या मुलाला शाळा नव्हती, आणि अस्पृश्य मुलाला शाळा असली तरी वर्गात जागा नव्हती. इस्लामपूरच्या शाळेत वर्गाबाहेर बसून शिकणारा ज्ञानदेव घोलप हा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. त्याला त्यांनी कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन दाखल केले. ज्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यामुळे त्यांची पंक्ती सुटली होती, तेथेच त्यांनी हा विद्यार्थी पोहोचवला. हाच मुलगा पुढे मुंबई कायदे कौन्सिलचा सभासद झाला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचा श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असा नामकरण समारंभ झाला. एकोणीस वर्षांपूर्वी एका पंक्तीतून उठलेल्या मुलाने सर्वांसाठी एक पंक्ती मांडली होती.

मुलांना फुकट खाऊ घालण्याची मात्र त्यांची रीत नव्हती. शेतात राबावे, दळण दळावे, इमारतीचे दगड वाहावेत आणि त्या कष्टाच्या बळावर शिकावे, ही कमवा आणि शिका योजना त्यांनी रुजवली. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह ठरले. येथेही जैन नीतीचा एक बारकावा दिसतो. श्रावकाच्या हिंसेचे आचार्यांनी चार प्रकार केले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. हेतुपुरस्सर केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा वर्ज्य. घरकामात, उपजीविकेत आणि रक्षणात अटळपणे घडणारी हिंसा मात्र यत्नाचारपूर्वक मर्यादित करायची. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकवली, असे आपले पुराण सांगते. त्यातील कृषी आणि विद्या यांची सांगड भाऊरावांनी घातली. नांगराला हात लावणे कमीपणाचे, हा विचार त्यांच्या शाळेत टिकू शकला नाही.

लक्ष्मीबाईंचे सोने

या कथेत एक नाव वगळले तर कथा अपुरी राहील. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या कुंभोजच्याच. सोवळेओवळे कसोशीने पाळणाऱ्या जैन घरातून आलेल्या. भिन्न जातींच्या मुलांचा स्वयंपाक आणि सांभाळ करणे हे प्रारंभी त्यांच्या संस्कारांना किती जड गेले असेल, याची कल्पना आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करू शकतील. पण त्या या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपले की त्यांचा एकेक दागिना जाई. अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले.

सभासमारंभांत लक्ष्मीबाईंचा हा त्याग आपण टाळ्यांच्या गजरात ऐकतो. परंतु नीतीचा विचार करू लागलो की मन थबकते. अपरिग्रह हे स्वतःच्या परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत आहे. दुसऱ्याच्या स्त्रीधनाला मर्यादा घालण्याचे नव्हे. समाजकार्य पतीने हाती घ्यावे आणि त्याची किंमत पत्नीच्या अंगावरून उतरावी, हे न्याय्य कसे? परिणामवाद म्हणेल की, शेकडो मुले जेवली, शिकली. कर्तव्यवाद विचारील की, कोणत्याही माणसाला केवळ दुसऱ्याच्या हेतूचे साधन करता येईल काय? याचे उत्तर एकच दिसते. लक्ष्मीबाईंनी ते कार्य स्वतःचे मानले असेल, तरच तो त्याग. एरवी तो भार. सोवळे सोडून ज्या स्त्रीने परक्या मुलांना आपल्या चुलीपाशी बसवले, तिने ते कार्य मनाने स्वीकारले होते असे मानायला आधार आहे. मग न्याय असा की, रयत शिक्षण संस्थेच्या संस्थापनेचे श्रेय देताना त्यांचे नाव ऋणनिर्देशाच्या ओळीत न ठेवता कर्मवीरांच्या शेजारी ठेवावे. आपल्या मंदिरांच्या आणि धर्मशाळांच्या दात्यांच्या पाट्यांवरही असा विचार व्हायला हरकत नाही.

वटवृक्षाचा विस्तार

पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस निघाले. १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापकांचे प्रशिक्षण देणारे विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, असा संस्थेचा विस्तार होत गेला. ज्या गावांकडे कोणी फिरकत नव्हते अशा वाड्यावस्त्यांवर शेकडो स्वेच्छा शाळा निघाल्या. १९४८ मध्ये महात्माजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास सरकारशी त्यांचे मतभेद झाले आणि अनुदान थांबले. संस्था संकटात सापडली, तेव्हा संत गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

या साऱ्या पसाऱ्यात भाऊरावांनी स्वतःसाठी काही राखले नाही. अंगावर खादी, रुळणारी पांढरी दाढी, हाती काठी आणि मागे शाळांची रांग, एवढीच त्यांची मिळकत. लोकांनी त्यांना कर्मवीर म्हटले. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट्. पदवी अर्पण केली. सहावीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला विद्यापीठाने वंदन केले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा कार्यरत आहेत.

आपल्यापुढील प्रश्न

चरित्र वाचून मन भारावते. पण भारावलेले मन दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना जागेवर येते. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी काही प्रश्न स्वतःला विचारू या.

आपल्या शेजाऱ्याच्या वा भाऊबंदाच्या वादात खोटी साक्ष मागितली गेली, तर नात्याला जपावे की सत्याणुव्रताला? मृत्युपत्रात, खरेदीखतात वा हिशेबाच्या वहीत एक आकडा बदलल्याने कोणाचेच बिघडत नाही, असे आपण मनाला समजावतो, तेव्हा कूटलेखक्रिया हा शब्द आठवतो काय? आपल्या वसतिगृहांत आणि शिष्यवृत्त्यांत समाजातील गरीब मुलाला जागा आहे. आपल्या शेतात वर्षानुवर्षे राबणाऱ्या मजुराच्या मुलीलाही आहे काय? आपल्या घरी पाणी भरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईसाठी वेगळा पेला ठेवला जातो, तेव्हा त्यात १९०८ सालचे ते स्नान लपलेले नाही ना?

या प्रश्नांची उत्तरे अवघड नाहीत. भाऊरावांनाही ती ठाऊक होती आणि आपल्यालाही आहेत. फरक किंमत देण्याच्या तयारीचा आहे. त्यांनी पंक्ती गमावली, स्वातंत्र्य गमावले, नोकरी सोडली. लक्ष्मीबाईंनी सोने दिले. आपल्याला कदाचित एक व्यवहार, एखादी मर्जी, किंवा नातेवाइकांच्या बैठकीत थोडा मान गमवावा लागेल. अणु म्हणजे लहान. लहान व्रताची किंमतही बहुधा लहानच असते. ती रोज द्यावी लागते, एवढेच.

कर्मवीर भाऊराव आणि लक्ष्मीबाई यांच्या स्मृतीस विनम्र वंदन. जय जिनेंद्र.